चाळीस खाटा

माजी नगरसेवक धनराज आहेर यांना आपल्या धाकट्या भावाच्या मरणाची आठवण झाली ती प्रभागातली त्यांची जागा महिलांसाठी राखीव झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. त्याआधीच्या साडेचार वर्षांत ती त्यांना झाली नव्हती असं नाही. पण पत्रकावर छापण्याइतकी झाली नव्हती.

त्यांच्या बायकोला, सविताला, हे कळलं सोमनाथकडून. सोमनाथ म्हणजे तिच्या नवऱ्याचा उजवा हात. फ्लेक्स छापून आणायचा, घोषणा द्यायचा, आणि दादा बोलायला लागले की टाळ्या कुठे वाजवायच्या ते बाकीच्यांना मानेनं दाखवायचा. रविवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, पत्रकाचा नमुना आलाय. बघून घ्या, नाक नीट आलंय का तुमचं."

नाक नीट आलं होतं. रंग मात्र चार पायऱ्या उजळला होता. सातपूरच्या उन्हात पंचवीस वर्षं वाळवणं घातलेली बाई त्या कागदावर दुधात भिजवून काढल्यासारखी दिसत होती. शेजारी धनराज हात जोडून उभा. आणि खाली, कोपऱ्यात, हार घातलेला भारत, तिचा दीर. फोटो कुठल्याशा लग्नातला होता. भारतच्या हातातला आइस्क्रीमचा कप अर्धा कापला होता, अर्धा राहिला होता. त्याखाली लाल अक्षरात: 'कोरोनाकाळात सख्खा भाऊ गमावला, पण जनसेवेचा वसा सोडला नाही!'

"हे कोणी लिहिलं?"

"दादांनी स्वतः. डोळ्यांत पाणी आलं हो टाइप करताना."

"कोणाच्या?"

"माझ्याच," सोमनाथ म्हणाला. "दादा फोनवर सांगत होते ना."

सवितानं कागद परत दिला आणि बट्टीचं पीठ मळायला घेतलं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. आरक्षणाची सोडत निघाली त्या संध्याकाळी धनराज घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "तुझं नाव देतोय," आणि जेवायला बसला. उभं राहायचं सवितानं आणि निवडून यायचं धनराजनं, अशी वाटणी होती. आज पाच वाजता प्रभागातल्या सभागृहासमोर तिच्या नावाची घोषणा होणार होती. त्याआधी दुपारी घरचे सगळे जमणार, जेवणार, आणि पत्रकाच्या मागच्या पानासाठी एकत्र फोटो काढणार. 'एक कुटुंब, एक विचार' असं त्या पानाचं नावसुद्धा ठरलं होतं.

फोटोत हर्षाली हवीच होती. भारतची बायको. भारतचं तेरावं झाल्यावर ती मुलीला घेऊन पाथर्डी फाट्याकडे भाड्यानं राहायला गेली, आणि त्यानंतर या घराची पायरी चढली नव्हती. धनराजनं तिला तीनदा फोन केला, तिनं उचलला नाही. शेवटी सासूबाईंनी, लंकाबाईंनी केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येते."

"बघ," धनराज म्हणाला, "रक्ताचं नातं शेवटी."

हर्षालीशी त्याचं रक्ताचं नातं कुठून आलं हे सवितानं विचारलं नाही.

*

गोरक्षमामा साडेअकराला सटाण्याहून आले. लंकाबाईंचे हे धाकटे भाऊ कांद्याचे व्यापारी. घरातलं भांडण असो की लग्न, शेवटचा शब्द त्यांचा. ते सगळं जग कांद्याच्या हिशेबानं तोलत. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"माल दिसायला एक नंबर हे," ते म्हणाले. "भाचा, यंदा सीट पक्की."

"मामा, सहानुभूती आहे ना लोकांत," धनराज म्हणाला. "त्या काळात आपण काय केलं ते लोक विसरलेले नाहीत."

"ते खरं."

लंकाबाई खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पत्रकावरचा भारत त्यांनी पाहिला होता, बोटानं पुसला होता, आणि कागद उलटा करून मांडीखाली ठेवला होता.

हर्षाली आली तेव्हा साडेबारा झाले होते. स्कूटी लावून ती आत आली, सासूच्या पाया पडली, मामांच्या पडली, आणि धनराजसमोरून सरळ चालत जाऊन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. एका वर्कशॉपमध्ये ती तपासणीला होती. दिवसभर यंत्रातून निघालेले भाग मोजायचे, आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायचा. तिची नजरही आता तशीच झाली आहे असं सविताला वाटलं.

"जेवून घ्या आधी," सविता म्हणाली. "वरण-बट्टी केलीय."

"जेवायला नाही आले, ताई. फोटोसाठी बोलावलंय ना? काढा. पण आधी एक विचारायचंय. सगळ्यांसमोर."

"विचार की!" धनराजनं दोन्ही हात पसरले. "घर आहे आपलं. लोकशाही आहे."

"तेवीस एप्रिलला तुम्ही कुठं होता?"

कुठल्या सालचा, हे कोणी विचारलं नाही.

"अगं, काय तो काळ!" धनराजचा आवाज आपोआप सभेचा झाला. "यंत्रणेवर प्रचंड ताण होता. राज्यभर हीच परिस्थिती. मी स्वतः आयसोलेशनमध्ये, गिरणारे रोडच्या मळ्यात..."

"तुला झाला व्हता का कोरोना?" लंकाबाईंनी लसणाची पाकळी हातात तशीच धरून विचारलं.

"झाला नव्हता आई, पण होऊ शकला असता."

मामा खाकरले. "पोरी, झालं ते झालं. घरातला धूर घरातच राहावा. सीट आली म्हणजे तुझ्या पोरीचंपण भलं."

"मामा, मी फक्त विचारतेय." हर्षालीचा आवाज चढला नव्हता. "अठरा तारखेला यांनी सभागृहात कोविड केंद्राचं उद्घाटन केलं. चाळीस खाटा, ऑक्सिजनची सहा यंत्रं. सगळ्या ग्रुपवर फोटो आले. पाच दिवसांनी भारतचा ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तरवर आला. दवाखाने फिरलो, जागा नाही. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला सातपूरला, माझ्या दिराचंच केंद्र आहे. दिमाखात म्हटलं. तिथं आलो तर कुलूप. यांना फोन केला तर बंद. म्हणून ताईंना केला."

तिनं सविताकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं सविताला वाटलं.

"चावी सापडत नव्हती," धनराज म्हणाला. "माणूस मिळत नव्हता. कोणाच्याही घरी झालं असतं. आणि डॉक्टर म्हणाले अर्धा तास आधी आणायला हवं होतं, पण डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात."

"चाळीस खाटा होत्या ना आत?"

"होत्या! पेपरात फोटो आहे."

"मला फोटो नाही विचारला. तेवीस तारखेला होत्या का?"

धनराजनं मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे. सोमनाथ दारात मोबाईल घेऊन उभा होता, त्यानं चपलांकडे पाहिलं. आणि या सगळ्या नजरा चुकवता चुकवता उत्तर माहीत असलेलं एकच माणूस उरलं ज्यानं नजर हलवली नव्हती.

"नव्हत्या," सविता म्हणाली.

"अगं तू काय..."

"नव्हत्या. एकही नव्हती."

*

त्या उद्घाटनात कात्रीचं ताट सविताच्याच हातात होतं. फीत कापायला चांगली आठ मिनिटं लागली होती, कारण कात्री बोथट होती आणि फोटोवाल्याला धनराजचा मास्क अडचणीचा वाटत होता. मास्क खाली, फोटो, मास्क वर, पुन्हा खाली. खाटा मंडपवाल्याच्या होत्या, गाद्या एका मंगल कार्यालयाच्या. यंत्रं कोण्या कारखानदारानं उदार मनानं दिली होती, आणि त्या सहा यंत्रांनी त्या आठवड्यात धनराजच्या मित्रांच्या पाच प्रभागांत पाच उद्घाटनं केली. सातपूरचं आटोपलं तशी ती टेम्पोत बसून पुढच्या फितीकडे गेली. खाटाही संध्याकाळच्या आत निघून गेल्या. सभागृहात राहिला तो नारळ फोडल्याचा ओला डाग आणि 'आम्ही आहोत ना!' असा फलक.

"मला माहीत होतं," सविता म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोणा दुसऱ्या बाईचा वाटत होता. "तुझा फोन आला तेव्हा माहीत होतं. मी तुला म्हटलं, थांब तिथं, चावीवाला येतोय. चावी इथंच होती, फ्रिजवर. कोणी येत नव्हतं."

हर्षालीनं आता तिच्याकडे पाहिलं.

"मी यांना फोन केला. यांचा दुसरा नंबर चालू होता. हे म्हणाले, रिकामं आहे म्हणून सांगितलंस तर मी संपलो. काहीतरी सांग. मग मी सांगितलं." ती थांबली. "तू परत फोन केलास. मी परत तेच सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं. मी एवढं जरी म्हटलं असतं की, इथं काही नाही बाई, दुसरीकडे पळ..."

"ताई," हर्षाली म्हणाली, "मी त्याला सांगत होते, ताई बघतायत. तो श्वास घेता घेता हसला. म्हणाला, वहिनी आहे ना, मग काळजी नाही."



लंकाबाई उठल्या. मांडीखालचं पत्रक त्यांनी धनराजपुढे धरलं. "हे लाल अक्षर वाच."

"आई, आत्ता..."

"वाच."

धनराजनं वाचलं. सवय अशी वाईट की 'सख्खा भाऊ' पाशी त्याचा आवाज आपोआप कातर झाला.

"परत वाच."

दुसऱ्यांदा आवाज कातर झाला नाही, नुसता बसला.

"गमावला म्हने," लंकाबाई म्हणाल्या. "गमावायला त्यो काय खिशातला रुमाल व्हता? फोन बंद शे, फोन बंद शे, म्हणून साडेचार वरीस मी त्या फोनला शिव्या दिल्या रे. त्या कंपनीवाल्याला शिव्या दिल्या. आन तुना दुसरा फोन चालू व्हता!"

मामांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला. "लंके, मी त्याला सीट पक्की म्हनलो," ते म्हणाले. "वरून लाल माल पाहून म्हनलो. गोणी उपसली नव्हती मी."

राजकारणात बारा वर्षं काढलेला माणूस बुडत नाही. तो दुसऱ्या नावेत उडी मारतो. धनराजनं एक मिनिट कपाळाला हात लावला, मग तो हात काढला, आणि सविताच्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा उजळू लागला. पत्रकावरच्यासारखाच, चार पायऱ्या.

"हर्षाली," तो म्हणाला, "तूच उभी राहा."

"काय?"

"तुझंच नाव देतो! सविताचं कॅन्सल. मामा, विचार करा. कोरोनात नवरा गेलेली बाई. त्याच वॉर्डातली सून. कोण उभं राहील हिच्यासमोर? विरोधक फॉर्म मागे घेतील, मी सांगतो! सोमनाथ, पत्रक थांबव, हिचा सिंगल फोटो घे."

सोमनाथनं मोबाईल वर केला. मग कोणीच हलत नाही असं पाहून खाली केला.

हर्षाली हसली. मोठ्यानं, मनापासून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "दादा, तुमचा हात कोणी धरू शकत नाही. तुम्ही त्याच्या सरणावरसुद्धा फीत बांधाल."

"मग पाहिजे काय तुला?"

"पाच वाजता माईक आहे ना? हेच माईकवर सांगा. आत काय होतं, काय नव्हतं, आणि तुम्ही कुठं होता. मग छापा माझा फोटो. गावभर छापा."

"वेड लागलंय का? लोक विसरलेत गं!"

"कंपनीत रोज भेटतात मला तुमच्या प्रभागातल्या बाया. कोणी विसरलेलं नाही. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच." ती उठली. दारात थांबली. तिनं पायात चप्पल घातली आणि ती गेली.

धनराजनं खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले आणि सविताच्या हातात कोंबले. "पाच वाजता हे वाचायचं. शब्दाला शब्द. घरात काय व्हायचं ते झालं. बाहेर आपण एक आहोत." आणि तो परीटघडीचा सदरा चढवायला आत गेला. बट्ट्या तशाच गार झाल्या.

*

सभागृहासमोर दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. साठेक भरल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना नंतरच्या मिसळीचं आमंत्रण होतं. व्यासपीठावर मामा, लंकाबाई, धनराज. धनराज वीस मिनिटं बोलला. रस्ते, पथदिवे, उद्यानातला बदकाच्या आकाराची घसरगुंडी, सगळं झालं. 'त्या कठीण काळात' पाशी आला तेव्हा त्यानं सभागृहाच्या दाराकडे हात केला. सोमनाथनं मान हलवली. टाळ्या पडल्या.

सविताच्या हातात माईक आला. तिनं पहिला कागद उघडला. 'माझ्या बंधू-भगिनींनो' इतपत वाचलं. समोर तिसऱ्या रांगेत लताबाई बसल्या होत्या, कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या. रोज सकाळी मेथीची जुडी हातात देताना त्या सविताशी बोलत, हसत. साडेचार वर्षांत त्यांनी एकदाही काही विचारलं नव्हतं. ते न विचारणं सविताला आज पहिल्यांदा दिसलं.

तिनं कागदाची घडी घातली.

"मागं हे सभागृह आहे," ती म्हणाली. "इथं चाळीस खाटांचं कोविड केंद्र झालं."

सोमनाथची मान सवयीनं हलली. टाळ्या.

"वाजवू नका. ते संध्याकाळपर्यंतच होतं. खाटा फोटोसाठी आणल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आत काही नव्हतं. यांना माहीत होतं. मलापण माहीत होतं. माझा दीर या दारात रिक्षात पाऊण तास थांबला, कारण मी त्याला खोटं सांगितलं. तुमच्यातलं कोणकोण आलं असेल, मला माहीत नाही. आम्ही कुलूप लावलं होतं, पण फलक काढला नव्हता."

धनराज उठला. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून तो सोमनाथकडे पाहत दातांतून म्हणाला, "बंद कर."

सगळी वायरिंग सोमनाथनंच केली होती. तो खाली वाकला, बटनांच्या पेटीकडे बघत बसला. "कुठलं बटन ते कळंना, दादा," तो म्हणाला, आणि वर पाहिलंच नाही.

लताबाई उभ्या राहिल्या. "माझे मालक इथं आले होते," त्या म्हणाल्या. "चालत आले होते. फलक वाचूनच आले. बाकावर बसले, ते बसलेच. मला एवढंच सांगा नगरसेवक, तो बोर्ड कशाला ठेवला होता?"

"ताई, आपण असं करू," धनराजनं हात जोडले, "उद्या ऑफिसला या, निवांत..."

"हापीस इथंच शे," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि लहानपणी धरून बसवत तसं खाली खेचलं. "बस. इथंच उत्तर दे त्या बाईला."

तो बसला. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, आणि 'यंत्रणेवर' एवढाच शब्द आला. मागून कोणीतरी म्हणालं, "यंत्रणा कोण होती मग? तूच होतास ना?" एक म्हातारा उठला. मग दोघी बहिणी. माईकपर्यंत जायला त्यांनी आपण होऊन रांग धरली, रेशनला धरतात तशी, ढकलाढकली न करता. जो येई तो नाव सांगे, तारीख सांगे, आणि एक प्रश्न विचारी. फोन झाले, माणसं घरांतून येऊ लागली. सहा वाजेपर्यंत खुर्च्या भरल्या, मग रस्ता. रिक्षा न पाठवता भरलेली धनराज आहेरांची ही आयुष्यातली पहिली सभा. मिसळीकडे कोणी फिरकलं नाही.

सविता व्यासपीठाखाली येऊन माईक धरून उभी होती. प्रत्येकाच्या तोंडापुढे धरायची, त्याचं झालं की पुढच्याच्या. हात दुखू लागला होता. पण हे काम बरं होतं. माईक धरणारी बाई कोणाच्या बाजूची आहे हे कोणी विचारत नव्हतं. रांगेतल्या दोघीतिघींनी तर तिच्या खांद्यावर हातही ठेवला. एक म्हणाली, "हिंमत केलीत, वहिनी." तिला ते ऐकून रडू आलं, आणि कुठेतरी आत हलकंही वाटलं.

रांगेत हर्षाली होती. कधी आली कळलं नव्हतं. लोक तिला पुढे जा म्हणत होते; ती जात नव्हती. आपला नंबर येईपर्यंत ती थांबली. आला तेव्हा सवितानं माईक तिच्यापुढे धरला.

हर्षालीनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मला दोघांना विचारायचंय," ती म्हणाली. "ताई, तुम्ही बसा तिकडे. त्यांच्या शेजारी."

सविताचा रिकामा हात क्षणभर तसाच वर राहिला. मग ती वळली. तीन पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली. मामांनी आपली खुर्ची सोडली. ती धनराजच्या शेजारी बसली, पदर सारखा केला, आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा हर्षालीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

हर्षालीनं विचारायला सुरुवात केली.